सूर्य धरून जुळवलेलं रडार दर महिन्याला का सरकतं?

आम्ही नाशिकजवळ पाऊस आणि ढग बघणारं एक छोटं रडार सांभाळतो. आधी तक्रार सांगतो. अशीच तक्रार तुमच्याकडे येत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

मार्च महिना, द्राक्षं काढणीला आलेली. निफाडच्या बाजूच्या एका बागायतदाराचा फोन आला. "भाऊ, तुमच्या पडद्यावर ढग आमच्या वरच्या गावावर होता. गारा आमच्या बागेत पडल्या. कसं काय?" महिन्यापूर्वीही असाच फोन आला होता. तेव्हा आम्ही लगेच सूर्य धरून अँटेना तपासला, ॲझिमथ (उत्तरेपासून मोजलेला आडवा कोन) दीड अंशाच्या आसपास चुकलेला निघाला, दुरुस्तीचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला आणि हात झटकले. पुढे ठरलेल्या तारखेला मासिक तपासणी झाली. पुन्हा दीड अंश, पण उलट्या बाजूला. तोही आकडा मुकाट्यानं भरला गेला. आणि आता हा फोन.

नाशिकमध्ये आमच्यासारखं छोटं रडार कशाला लागतं, तेही सांगून टाकतो. मुंबईचं कुलाब्याचं रडार इथून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. त्याचा किरण अर्धा अंश वर उचललेला धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे तो नाशिकवर येईपर्यंत समुद्रसपाटीपासून तीन किलोमीटरच्या आसपास चढलेला असतो. ढगाच्या तळाशी काय चाललंय ते त्याला दिसणं अवघड. म्हणून आम्ही सिन्नर रस्त्याच्या बाजूला एका माळावर तीन सेंटिमीटर तरंगलांबीचं, म्हणजे एक्स बँडचं रडार सांभाळतो. त्याचा किरण एक अंशाच्या आसपास रुंद. निफाड आमच्यापासून साधारण तीस किलोमीटर. तिथे दीड अंश म्हणजे जवळपास आठशे मीटर. समुद्रावरच्या पावसाला आठशे मीटरचं काही वाटत नाही. द्राक्षबागेला वाटतं.

मासिक तपासणी म्हणजे नेमकं काय

सूर्य हा रेडिओ लहरींचाही दिवा आहे, आणि तो कोणत्या क्षणी आकाशात कुठे असणार ते गणितानं अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगता येतं. रडारचा ट्रान्समीटर बंद ठेवायचा, रिसीव्हर चालू ठेवायचा, आणि सूर्य जिथे असायला हवा त्याच्या आजूबाजूला डिश थोडी थोडी फिरवायची. डिश सूर्यावर आली की रिसीव्हरचा गोंगाट काही डेसिबलनं वर जातो. जिथे तो सर्वांत जास्त, तिथे अँटेनाच्या मते सूर्य. गणिताच्या मते सूर्य कुठे आहे ते आधीच माहीत. दोन्हींतला फरक म्हणजे अँटेनाची चूक.

म्हणजे आपण तसं समजतो. या फरकात अँटेना एकटा नाही, गणितसुद्धा आहे. गणिताला रडारचे अक्षांश-रेखांश लागतात आणि वेळ लागते. अक्षांश-रेखांश कुठे पळून जात नाहीत. वेळ पळते.

आमच्या नोंदवहीत काय दिसलं

दुसऱ्या फोननंतर मी आकडा भरायचं नाकारलं. आमच्या हेल्परला ते पटलं नाही. "दादा, दहा मिनिटांचं काम आहे, भरून टाकू ना." मी त्याला वही काढायला लावली. ओळीनं वाचली: एकदा उणे दीड, मग अधिक दीड, मग पुन्हा उणे दीड.

इथेच थांबून विचार करा. अँटेनाचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरला शाफ्टशी जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल असेल तर तो हळूहळू किंवा झटक्यानं सरकतो, पण सरकलेला स्क्रू आपण होऊन घरी परत येत नाही. पायाचं काँक्रीट एका बाजूला खचलं तर तेही पुढच्या महिन्यात उठून सरळ बसत नाही. आमची चूक मात्र जाऊन परत येत होती, जवळपास तेवढ्याच मापानं. लोखंडाचा असा स्वभाव नसतो.

तरी मी कपलिंग बघितलं. सेफ्टी स्विच काढून किल्ली खिशात टाकली, मगच वर चढलो. हे दर वेळी करा, खालचा माणूस कितीही भरवशाचा असो. मागच्या वर्षी शाफ्ट आणि कपलिंगवर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ मारून ठेवली होती. रेघ अखंड होती, केसाएवढीही तुटलेली नव्हती. तुम्ही अशी रेघ मारली नसेल तर आज मारा. तिच्यामुळे अर्धा दिवस वाचतो. ऑइल पेंट वाळायला वेळ लागतो, मार्कर उन्हानं उडतो, नेलपॉलिश दोन पावसाळे टिकतं. घरातून न विचारता नेलं तर त्याचे परिणाम वेगळे.

मग दिवसभर सूर्य

एकदाच सूर्य धरून काही कळत नाही, हा माझा या सगळ्यातला मुख्य मुद्दा. एका मोजणीतून ॲझिमथचा एक फरक आणि एलिव्हेशनचा, म्हणजे क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाचा, एक फरक मिळतो, आणि तेवढ्यावर पाच वेगवेगळी कारणं बसू शकतात. म्हणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळकडे, असा तीन वेळा सूर्य धरला. निघालं ते असं.

सकाळी साडेआठच्या पुढे: अँटेनाला सूर्य गणितापेक्षा जवळपास अर्धा अंश वर सापडला. ॲझिमथ सव्वा अंशानं चुकीचा.

दुपारी साडेबाराच्या पुढे: ॲझिमथ अगदी बरोबर. चूक शून्य.

दुपारी चारनंतर: सूर्य जवळपास अर्धा अंश खाली. ॲझिमथ पुन्हा सव्वा अंशानं चुकीचा, सकाळच्याच बाजूला.

सकाळी वर आणि संध्याकाळी खाली हे दिसल्याबरोबर मी म्हटलं, पेडेस्टल, म्हणजे अँटेनाची बैठक, कललंय. पेडेस्टल पूर्व-पश्चिम कललेलं असेल तर एलिव्हेशनची चूक एका बाजूला अधिक आणि समोरच्या बाजूला उणे येते, पूर्ण फेरीत आलेख काढला तर लाटेसारखी. सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. चोख बसलं. पाणसळ काढली, पेडेस्टलवर ठेवली, चारही दिशांना फिरवून बघितली. बुडबुडा मधोमध. आठही दिशांना बघितली. मधोमध. तेव्हा मी काय करावं? पाणसळच खराब झाली असं ठरवून गावात जाऊन नवी घेऊन आलो. नव्या पाणसळीतही बुडबुडा मधोमध. त्या दिवशीचं सगळ्यांत मोठं शहाणपण हेच, आणि ते दुपारचा डबा गार झाल्यावर सुचलं: आमचा पाया सव्वा मीटर रुंद आहे. अर्ध्या अंशाचा कल म्हणजे एका बाजूला सेंटिमीटरभर उंची. तेवढा फरक पाणसळ नसतानाही दिसला असता. मी शिम, म्हणजे खाली सारायच्या पातळ पट्ट्या, कापायला पत्रासुद्धा काढून ठेवला होता.

डोंगर घड्याळ बघत नाहीत

शेवटी सूर्य बाजूला ठेवला आणि जमिनीकडे बघितलं. नाशिकचं एक सुख आहे, डोंगरांची कमतरता नाही. आकाश कोरडं असताना किरण खाली आणला की आमच्या पडद्यावर पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, उत्तरेला रामशेज हे ठिपके रोज उमटतात. इतर वेळी हा कचरा म्हणून आपण गाळून टाकतो. इथे तोच साक्षीदार. गाळणी बंद केली, उपग्रह नकाशावर अंजनेरीच्या कड्याचा कोन मोजला आणि पडद्यावरच्या ठिपक्याशी ताडून बघितला. ठिपका दीड अंशानं मागे, म्हणजे दक्षिणेकडे सरकलेला. रामशेजही तेवढाच मागे, पश्चिमेकडे. अख्खा नकाशाच घड्याळाच्या उलट दिशेनं फिरला होता. पश्चिमेचा डोंगर दक्षिणेला गेला की पूर्वेचा पाऊस उत्तरेला जाणारच. बागायतदाराचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

आणि त्याच दुपारी सूर्य सांगत होता की सगळं ठीक आहे.

दोन साक्षीदार भांडले की कोणाचं खरं? डोंगराला वेळ लागत नाही, सूर्याला लागते. मी खिशातून मोबाइल काढून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ धरला आणि दोन्ही घड्याळं एकाच फोटोत घेतली. मोबाइल १६:४७, कॉम्प्युटर १६:४५. सेकंद जुळवून पाहिले तर बरोबर दोन मिनिटं मागे.

दोन मिनिटं कुठे कशी दिसतात

सूर्य आकाशात चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत अर्धा. हा अर्धा अंश दिवसाच्या कोणत्या वेळी कोणत्या खात्यात जमा होतो ते महत्त्वाचं. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सकाळी सूर्य जवळजवळ सरळ वर चढत असतो, त्यामुळे घड्याळाच्या एका मिनिटाची चूक एलिव्हेशनमध्ये ०.२३ अंश आणि ॲझिमथमध्ये ०.११ अंश दिसते. दुपारी तो सत्तर अंश उंचीवर असतो आणि आडवा चालतो. तेव्हा एलिव्हेशनमध्ये काहीच दिसत नाही, पण ॲझिमथमध्ये एका मिनिटाला ०.७३ अंश. दोन मिनिटांना १.४६. हा घ्या आमचा दीड अंश.

आता उलगडा करा. मासिक तपासणी आमच्याकडे नेहमी दुपारी व्हायची, कारण सकाळी बाकीची कामं आणि चारनंतर ढग. गेल्या तपासणीच्या दिवशी घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. गणितानं सूर्य दीड अंश मागे दाखवला, आणि आम्ही बरोबर असलेल्या अँटेनालाच दीड अंश मागे ओढलं. घड्याळ तसंच मागे राहिलं, म्हणून पुढे दुपारी तपासलं की चूक शून्य. चुकीच्या फुटपट्टीनं कापलेलं कापड त्याच फुटपट्टीनं मोजलं तर बरोबरच भरणार. मधल्या काळात कधी घड्याळ जुळलेलं असताना तपासणी झाली की उलटा दीड. वहीतलं येणंजाणं ते हेच.

शिवाय पडद्यावरच्या चित्रावर छापलेली वेळही दोन मिनिटं मागची. ताशी तीस किलोमीटरनं चाललेला ढग तेवढ्या वेळात एक किलोमीटर जातो. दिशेची चूक एक, वेळेची दुसरी.

घड्याळ मागे का पडलं, हे शोधायला फार डोकं लागलं नाही. रात्री वीज बराच वेळ गेली, यूपीएस संपला, कॉम्प्युटर बंद पडला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मरायला टेकलेला. तो पूर्ण मेला असता तर तारीखच कुठल्या कुठे गेली असती आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. अर्धवट मेलेला सेल वाईट, घड्याळ चालू ठेवतो पण रेंगाळत. नेटवर्कवरून वेळ जुळायला हवी होती, पण डोंगलचा डेटा संपलेला आणि रिचार्ज कोणी करायचं यावर एकमत नव्हतं. जुन्या विंडोजमध्ये आपोआप वेळ जुळवणंही आठवड्यातून एकदाच होतं, हेही तेव्हाच कळलं.

तुमच्याकडे काय करा

सगळ्यांत आधी मोबाइल आणि कॉम्प्युटरचा एकत्र फोटो. पाच सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर सूर्याला हात लावू नका. सेल बदला, शक्य असेल तर जीपीएस रिसीव्हर लावून वेळ तिथून घ्या. आम्ही तसा लावला. घड्याळ जुळलं की लगेच जुने भरलेले आकडे पुसू नका. आधी डोंगर बघा, मग सकाळी सूर्य, आणि दोघांचं एकमत झालं की मगच आकडा बदला. आम्ही असाच बदलला, अंजनेरी आणि रामशेज जागेवर आले.

वेळ निवडताना सूर्य वीस ते पन्नास अंशांच्या मध्ये असावा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला याचा अर्थ सकाळी सव्वाआठ ते सव्वादहा, आणि दुपारनंतर साधारण सव्वातीन ते पाच. खूप खाली गेलात तर हवेच्या थरांमुळे किरण वाकतो. पाच अंशांवर हा वाक ०.१६ अंशाच्या आसपास असतो, वीस अंशांवर ०.०५ च्याही आत. खूप वर गेलात तर ॲझिमथ बेभरवशाचा, कारण साठ अंश उंचीवर आकाशातला एक अंश म्हणजे पेडेस्टलवरचे दोन अंश. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दुपारी सूर्य धरून ॲझिमथ जुळवणं म्हणजे भोवऱ्याच्या टोकावर दिशा विचारणं.

आणि हो, दुपारचे बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर, हा समज सोडा. आपलं प्रमाणवेळेचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, नाशिक ७३.८ वर. सरासरी पस्तीस मिनिटांचा फरक. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य माध्यान्हीला येतो १२:४९ च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला. सॉफ्टवेअरचा हिशोब बरोबर आहे का ते बघायला हे आकडे उपयोगी पडतात.

सूर्याभोवती डिश फिरवताना पूर्ण चौकट व्हायला चार मिनिटं लागत असतील तर तेवढ्यात सूर्य एक अंश पुढे गेलेला असतो. म्हणून प्रत्येक किरणाची तुलना त्याच्या स्वतःच्या क्षणाच्या सूर्याशी व्हायला हवी, चौकट सुरू झाल्याच्या क्षणाशी नव्हे. काही जुनी सॉफ्टवेअर ही चूक शांतपणे करतात. ओळखायची खूण अशी की चौकट डावीकडून आणि उजवीकडून मारली की उत्तर बदलतं.

घड्याळ बरोबर असूनही चूक उरली तर तिचा आकार बघा. सगळ्या दिशांना, सगळ्या वेळी तेवढीच असेल तर एन्कोडरचं शून्य हललंय. तिथे आकडा भरणं योग्यच, पण रेघ तुटली का तेही बघा. दिशेप्रमाणे लाटेसारखी वरखाली होत असेल तर पेडेस्टलचा कल. त्याची खात्री पाणसळीनं करा, सूर्यानं नको, कारण मी फसलो तसे फसाल. डिश उजवीकडून येताना एक उत्तर आणि डावीकडून येताना दुसरं, आणि किरणांच्या वेळा नीट जुळवूनही तसंच, तर गिअरमध्ये ढिलाई आहे किंवा कोन नोंदवायला उशीर होतोय. फिरण्याचा वेग बदलून बघा. वेगाबरोबर फरक वाढला तर उशीर, तेवढाच राहिला तर गिअर.

डोंगरांचा साक्षीदार एलिव्हेशनसाठी मात्र वापरू नका, विशेषतः थंडीत. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा किती उतरतो ते आपल्याला माहीत आहे. जमिनीलगत गार हवा साचली की किरण खाली वाकतो आणि एरवी न दिसणारे डोंगरही पडद्यावर येतात. त्यावरून अँटेना खाली झुकलाय असं ठरवलंत तर नवीन चूक विकत घ्याल. ॲझिमथला याचा त्रास नाही.

पावसाचा आकडाच कमी-जास्त येत असेल, तर तो विषय निराळा. तिथे सूर्याच्या दिशेचं नाही, ताकदीचं काम असतं, आणि ती रोज बदलते. कॅनडात पेंटिक्टनला १०.७ सेंटिमीटरवर ती रोज मोजतात, पण तो आकडा आपल्या तीन सेंटिमीटरला तसाच लावू नका. एक डेसिबलची चूक पावसाच्या दरात साधारण पंधरा टक्क्यांची होते, एवढं लक्षात ठेवून सावकाश करा. रेडोम, म्हणजे अँटेनावरचं घुमटासारखं आवरण, ओलं असताना तर करूच नका.

आमच्याकडे आता काय उरलंय? उजवी-डावीतला ०.१५ अंशाचा फरक. रेघ अखंड, वेळ बरोबर, वेग बदलूनही तेवढाच, म्हणजे गिअर. किरणाची रुंदी एक अंश असल्यामुळे नकाशावर तो दिसत नाही, आणि जूनच्या तोंडावर रेडोम उघडून गिअरबॉक्स बाहेर काढायची माझी हिंमत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास काढू. तोपर्यंत वहीत घड्याळाच्या फरकाचा एक नवा रकाना आखला आहे, आणि तो भरल्याशिवाय सूर्याचा आकडा लिहायचा नाही असं ठरलंय. डोंगलच्या रिचार्जवर अजून एकमत झालेलं नाही.